गाठ साधी, हाड पोकळ

पोरगं आंब्याच्या झाडावरून पडतं, दंड सुजतो, घरचे त्याला घेऊन हाडांच्या दवाखान्यात पोचतात. एक्स-रेची फिल्म लाइटवर लावली की डॉक्टर आधी मोडलेली रेघ बघतात आणि मग बोट जरा वर, खांद्याकडे नेतात. तिथं हाडाच्या पोटात एक काळी, गुळगुळीत पोकळी असते. भिंती अंड्याच्या टरफलाएवढ्याच उरलेल्या. कधीकधी त्या भिंतीची एखादी कपची सुटून पोकळीच्या तळाशी जाऊन बसलेली दिसते. कपची एवढीशी, पण साक्ष मोठी देते. आत घट्ट मांस असतं तर ती मध्येच अडकली असती. तळाला गेली, म्हणजे आत नुसतं पाणी आहे. डॉक्टर आईला सांगतात, "घाबरू नका, साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

आईच्या कानात त्यातला एकच शब्द शिरतो, आणि तो 'साधी' नसतो.

सातारा-सांगलीकडं हाडाच्या दुखण्याला कारण शोधत बसावं लागत नाही, ते हाताशी तयार असतं. तालमीत लचक भरली, ऊस भरताना गुडघ्यावर ताण आला, गाडीवरून घसरून मुका मार लागला. मग आंबेहळद आणि रक्ताबोळाचा लेप, गरम पाण्याचा शेक, आणि तरीही उतार पडला नाही तर वस्ताद किंवा हाडवैद्याकडून चोळून घेणं. मुक्या माराला यातलं बरंच चालून जातं, म्हणून तर ते टिकलं. पण हाडातल्या गाठीचा आणि पडण्याचा संबंध लोक समजतात त्याच्या उलटा असतो. पडल्यामुळं गाठ होत नाही. गाठीनं हाड आतून पोखरलेलं असतं म्हणून किरकोळ पडण्यानंही ते मोडतं, किंवा पडल्याच्या निमित्तानं पहिल्यांदा एक्स-रे निघतो आणि गाठ सापडते. टरफलाएवढ्या भिंतीवर जोरात चोळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

हाडात होणाऱ्या गाठींचं कुटुंब मोठं आहे. मूळ हाडातच सुरू होणारा कॅन्सर दुर्मीळ. साध्या गाठी त्याहून पुष्कळ जास्त, पण त्यांतलेही काही प्रकार असे की जिल्ह्याच्या गावातल्या डॉक्टरला ते वर्षातून एखाद्या वेळी दिसावेत. 'साधी' याचा वैद्यकीय अर्थ इतकाच, की ती सहसा शरीरात दुसरीकडं पसरत नाही. जिथं आहे तिथं ती काय उद्योग करील याची हमी त्या शब्दात नाही. एखादी साधी गाठ जन्मभर गुपचूप पडून राहते, तर दुसरी वर्षभरात गुडघ्याचा सांधा खाऊन टाकते. दोन्ही कागदावर साध्याच.

दुखणं तसं फार जुनं. दक्षिण आफ्रिकेत मलापा इथं सापडलेल्या, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या एका किशोरवयीन मानवपूर्वजाच्या मणक्यात अशीच एक साधी गाठ असल्याचं संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर केलं. क्रोएशियातल्या क्रापिना इथल्या निअँडरथल माणसाच्या बरगडीतही ती आहे, १ लाख २० हजार वर्षांहून जुनी. तेव्हा खतं, मोबाइलचे टॉवर, पिशवीतलं दूध यांतलं काही नव्हतं, हे दवाखान्याच्या बाकावर चालणाऱ्या चर्चांसाठी नोंदवून ठेवावं.

निदानाची सुरुवात साध्या एक्स-रेनं होते, आणि इतकी यंत्रं आली तरी त्याची गादी अजून कुणी घेतलेली नाही. एमआरआय भारी, खर्चीक, म्हणून लोकांना तोच खरा वाटतो. अनुभवी डॉक्टर मात्र आधी एक्स-रे मागतात आणि तीन गोष्टी बघतात: रुग्णाचं वय, हाडातली जागा, आणि गाठीची कड. नवखा पाहुणा गावात आला की त्याचं गाव आणि आडनाव विचारून निम्मी ओळख पटते, त्यातलाच प्रकार. शाळकरी पोराच्या खांद्याजवळची पोकळी बहुधा पाण्याची. दहा ते वीस वयाच्या मुलाच्या हाडाच्या अगदी टोकाला, वाढीच्या चकतीच्या पलीकडं गाठ असेल तर संशय कूर्चेच्या गाठीचा. वाढ पुरी झालेल्या, वीस ते चाळिशीतल्या माणसाच्या गुडघ्याजवळ, थेट सांध्याला भिडलेली गाठ असेल तर महाकाय पेशींची गाठ. हाताच्या बोटातली गाठ बहुतेकदा कूर्चेची आणि निरुपद्रवी. कड पेन्सिलनं आखल्यासारखी स्वच्छ असेल तर गाठ सावकाश वाढणारी. कड पुसट, वाळवी लागल्यासारखी असेल तर डॉक्टरांचा चेहरा बदलतो.

काही गाठींच्या वाट्याला जायचंच नसतं. वाढत्या मुलांच्या मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या कडेला दिसणारा एक तंतूंचा डाग आहे. तो दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फिल्मवर सापडतो आणि मूल मोठं झालं की हाडानं आपोआप भरून निघतो. त्याचा तुकडा काढून तपासला तर उलट गोंधळ वाढतो. सगळ्यांत जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे हाडावर बाहेरून फुटलेला कोंब, वर कूर्चेची टोपी असलेला. मुलाची उंची वाढते तोवर तो वाढतो, मग थांबतो. नस किंवा रक्तवाहिनी दाबत नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. मात्र तिशी-पस्तिशीत तो पुन्हा वाढू लागला, दुखू लागला, तर ताबडतोब दाखवायचं.

आपल्याकडं आणखी एक वळण आहे, क्षयाचं. हाडाचा टीबी इथं इतका आढळतो की हाडातली कुठलीही पोकळी आधी टीबी वाटू शकते. तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर महिने जातात आणि गाठ वाढत राहते. उलटंही घडतं, गाठ म्हणून उघडलं आणि आत क्षय निघाला. तिसरा सोंगाड्या आहे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार. ही ग्रंथी बेताल झाली की हाडातला चुना ओढून घेते आणि हाडात हुबेहूब महाकाय पेशींच्या गाठीसारखी तपकिरी गाठ तयार होते, सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा तशीच दिसणारी. तिथं हाडावर शस्त्रक्रिया करणं म्हणजे छत गळतंय म्हणून फरशी पुसत बसणं. इलाज गळ्यात असतो. कॅल्शियमची आणि त्या ग्रंथीच्या स्रावाची रक्ततपासणी केली तर हा घोळ टळतो.

मग येते बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. "सुई लावली की गाठ पसरते" ही समजूत पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगाव आहे. सुईनं गाठ चिघळत नाही; चुकीच्या जागी, चुकीच्या हातानं लावलेल्या सुईनं पुढची शस्त्रक्रिया बिघडू शकते, हे मात्र खरं. बोस्टनचे शल्यविशारद हेन्री मँकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाडा-मांसाच्या कॅन्सरच्या ३२९ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यात शेकडा साडेचार रुग्णांचा अवयव बायोप्सीतल्या चुकांमुळं, एरवी गरज नसताना, कापावा लागला होता. त्यांचा निष्कर्ष आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो: जो डॉक्टर शेवटी गाठ काढणार, त्यानंच किंवा त्याच्या सल्ल्यानं बायोप्सी व्हावी. छेद हात-पायाच्या लांबीच्या दिशेनं, उभाच. आडवा छेद दिसायला नीटस असतो, पण पुढं गाठ काढताना तो सगळा मार्गही काढून टाकावा लागतो, आणि आडव्या जखमेपायी केवढी तरी कातडी जाते.

काढलेला तुकडा मेणात बसवतात. काडेपेटीहून लहान, प्लॅस्टिकच्या चौकटीतला हा मेणाचा ठोकळा म्हणजे 'ब्लॉक'. कऱ्हाड-मिरजेचा रुग्ण मुंबईला गेला की तिथं पहिला प्रश्न होतो, "स्लाइड आणि ब्लॉक आणलेत का?" रिपोर्टचा कागद असतो, ब्लॉक मात्र गावाकडच्या लॅबमध्ये राहिलेला. पुन्हा एक फेरी. आधी ठाऊक असेल तर ही फेरी वाचते. लॅबमध्ये अर्ज करून ब्लॉक मागून घेता येतो.

या टापूला वैद्यकीची परंपरा मोठी आहे. अमेरिकन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांचं मिरजेतलं रुग्णालय १८९४ मध्ये उघडलं. रॉन्टजेनला क्ष-किरण सापडले ते त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे मिरजेत शस्त्रक्रियेचं टेबल मांडलं गेलं तेव्हा जगात कुठंच हाडाच्या आत बघायची सोय नव्हती. बोटांनी चाचपायचं आणि अंदाज बांधायचा. इंग्लंडच्या ॲस्टली कूपर यांनी १८१८ मध्ये ज्या गाठीचं वर्णन केलं, ती आजची महाकाय पेशींची गाठ. त्या काळात अशा गाठीवर अवयव कापणं हाच सर्रास इलाज होता. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कऱ्हाडला १९८४ पासून कृष्णा. मिरजेच्याच डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेला अस्थिशल्यशास्त्राचा बहुखंडी ग्रंथ देशभरचे विद्यार्थी वापरतात, आणि सायबेरियातल्या इलिझारोव्ह यांचं कड्या-तारांचं तंत्र भारतात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. गाठ काढल्यावर हाडात पडलेली फट याच तंत्रानं, रोज मिलिमीटरभर हाड सरकवत, भरून आणता येते. कर्नाटकातून रेल्वेनं मिरजेला येणारे रुग्ण ही काही आजची गोष्ट नाही.

महाकाय पेशींच्या गाठीपाशी जरा थांबायला हवं. साध्या गाठींतली ही सर्वांत द्वाड. ऐन कमावत्या वयात येते, बायकांत थोडी जास्त, आणि गुडघा किंवा मनगट धरते. पाश्चात्त्य देशांत ती कमी, आशियात प्रमाणानं जास्त दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात अनेक केंद्रकं असलेल्या अवाढव्य पेशी दिसतात आणि त्यांवरूनच नाव पडलं. पण खऱ्या गुन्हेगार त्या नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात शिवारात दिसते ती टोळी, कोयत्याचे घाव घालते ती टोळी. तिला उचल देऊन आणलेलं असतं मुकादमानं. या गाठीतल्या साध्यासुध्या दिसणाऱ्या पेशी म्हणजे मुकादम. त्या एका प्रथिनाच्या सांगाव्यानं हाड खाणाऱ्या महाकाय पेशींची टोळी जमवतात आणि फडच्या फड साफ होतो. या मुकादम-पेशींच्या एका विशिष्ट जनुकात ठरावीक ठिकाणी बिघाड असतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. आता पॅथॉलॉजिस्ट तोच बिघाड रंगवून निदान पक्कं करतात.

शस्त्रक्रिया कशी होते हे समजायला मिरजेतच, सतारमेकर गल्लीत डोकवावं. तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडून येतो. कारागीर तो भिजवतो, वरून कापून तोंड करतो आणि आतला गर, बिया, शिरा खरवडून काढतो. भिंत पातळ झाली पाहिजे पण फुटता कामा नये, आणि आत गराचा कणही राहता कामा नये, नाहीतर तो पुढं किडतो. हाडाचा शल्यविशारद हेच करतो. गाठीच्या वर हाडाला मोठी खिडकी पाडायची, चमच्यासारख्या धारदार हत्यारानं आतलं तपकिरी मऊ मांस खरवडायचं, मग वेगानं फिरणाऱ्या गिरमिटानं भिंतीवरचे कानेकोपरे घासायचे आणि उरल्यासुरल्या पेशी मराव्यात म्हणून फिनॉलसारखं औषध लावायचं. खिडकी लहान ठेवायचा मोह वाईट, कारण जे दिसत नाही ते आत राहतं. नुसतं खरवडलं तर चारांतल्या एकाची किंवा त्याहून अधिकांची गाठ परत येते. नीट घासून, औषध लावून, सिमेंट भरलं तर हे प्रमाण दहा-वीस टक्क्यांपर्यंत उतरतं.

सिमेंट म्हणजे बांधकामाचं नव्हे; दातांच्या कवळीला वापरतात त्या जातीचं रसायन. कणकेसारखं मळून पोकळीत दाबलं की काही मिनिटांत ते दगड होतं. घट्ट होताना इतकं तापतं की काठावरच्या राहिलेल्या पेशीही मरायला मदत होते. माणूस लवकर पायावर उभा राहतो. मनगटाचं हाड पार गेलं असेल तर पायाच्या पिंढरीकडचं बारीक हाड काढून तिथं बसवतात. त्या हाडावाचून पायाचं फारसं अडत नाही. गुडघाच उरला नसेल तर धातूचा मोठा कृत्रिम सांधा. परदेशी बनावटीचा सांधा सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा असतो, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी देशी, स्वस्त सांधे घडवून घेतले, आणि अनेक पाय त्यामुळं वाचले.

मुकादमाचा सांगावाच अडवणारं इंजेक्शनही आहे, डेनोसुमॅब. अमेरिकेत २०१३ मध्ये या गाठीसाठी त्याला मान्यता मिळाली, आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. महिन्याला एक. टोळी येणं थांबतं, हाड भरल्यासारखं दिसतं, रुग्ण खूश. पण मुकादम जिवंतच असतो. इंजेक्शन बंद झालं की तो पुन्हा टोळी बोलावतो. शिवाय औषधानं भरलेल्या नव्या हाडात हे मुकादम दडून बसतात आणि खरवडताना हाती लागत नाहीत, असा इशारा मुंबईसह जगातल्या अनेक केंद्रांनी दिला आहे. म्हणून कंबरेच्या किंवा मणक्याच्या, जिथं चाकू नीट पोचत नाही अशा गाठींसाठी ते वरदान. खरवडता येण्याजोग्या गुडघ्याला ते 'शस्त्रक्रिया टळेल' या आशेनं देणं महागात पडतं.

सगळ्याच गाठींना एवढा पसारा लागत नाही. एक गाठ हरभऱ्याएवढी असते आणि घराची झोप उडवते. पोरगं दिवसा खेळतं, रात्री मात्र पाय धरून रडतं. शेजारी म्हणतात वाढीच्या कळा आहेत, कुणी म्हणतं शाळेला दांडी मारायचं नाटक आहे. ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळीनं मात्र अर्ध्या तासात शांत झोपतं. हीच तिची खूण. (मुलांना ॲस्पिरिन मनानं देऊ नये, हे आवर्जून सांगायला हवं.) या गाठीत वेदना निर्माण करणारं रसायन भरपूर तयार होतं आणि ती गोळी नेमकं तेच अडवते. न्यूयॉर्कचे हेन्री जॅफे यांनी १९३५ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिलं. पूर्वी ती शोधायला हाडाचा मोठा तुकडा काढावा लागे. १९९२ पासून सीटी स्कॅनमध्ये बघत सुई थेट गाठीत घालून रेडिओलहरींनी ती जाळतात. सुमारे ९० अंश उष्णता, पाच-सहा मिनिटं. बरीच पोरं त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री झोपतात.

रक्तानं भरलेली, फुग्यासारखी फुगणारी गाठही पोरासोरांचीच. एमआरआयमध्ये तिच्या कप्प्यांत रक्त निवळलेलं दिसतं, गढूळ पाण्याच्या घागरीत गाळ खाली बसावा तसं. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी पायाच्या फुगलेल्या शिरांवर वापरायचं पोलिडोकॅनॉल हे इंजेक्शन या गाठीत देऊन बघितलं आणि ७२ रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला. चाकू न लावता बहुतेकांची गाठ भरून आली. औषध स्वस्त. अशा शोधांचा गाजावाजा व्हायला हवा तेवढा आपल्याकडं होत नाही.

मग प्रश्न उरतो, जायचं कुठं. बऱ्याच गाठींचं मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा इथंच निभतं. अवघड गाठ मात्र पुणे-मुंबईला जाते, आणि "टाटाला घेऊन जा" हे शब्द ऐकताच घरात रडारड होते. परळच्या या रुग्णालयाची सुरुवात १९४१ ची आणि गावाकडं 'टाटा' म्हणजे कॅन्सर हे समीकरण पक्कं. पण साध्या गाठीचा रुग्णही तिथं पाठवतात, कारण अशा दुर्मीळ गाठी रोज बघणारे हाडांचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि एक्स-रे वाचणारे एका छपराखाली तिथं मिळतात. हे पाठवणाऱ्यानं दोन वाक्यांत समजावलं तर ओगलेवाडीच्या कऱ्हाड स्टेशनावर किंवा माहुलीच्या सातारा स्टेशनावर महालक्ष्मी एक्स्प्रेसची वाट बघणाऱ्या माणसांच्या पोटातला गोळा निम्मा हलका होईल. मुंबईत उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. खर्चाचं म्हणाल तर भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा जोतिराव फुले योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे विचारावं. नंतर धावाधाव करून ते जमत नाही.

शस्त्रक्रियेनंतर टाके निघाले, माणूस कामाला लागला, की दवाखान्याची वाट विसरली जाते. महाकाय पेशींची गाठ परत यायची असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, आणि शंभरातल्या दोन-तीन जणांत, साधी म्हणवत असूनही, फुप्फुसापर्यंत पोचते. म्हणून गुडघ्याबरोबर छातीचाही फोटो काढतात, सुरुवातीला दर काही महिन्यांनी. गावाकडं या फिल्म्स पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी, ट्रंकेत ठेवलेल्या असतात. पावसाळ्यात दमट होऊन एकमेकींना चिकटतात, म्हणून मध्ये कोरा कागद घालावा. नव्या फिल्मइतकीच डॉक्टरांना जुनी लागते. पांढऱ्या सिमेंटच्या भोवती एक बारीक काळी रेघ असतेच, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, तिच्याबाहेर हाडाची पांढरी कड. डॉक्टर दोन्ही फिल्म्स शेजारी लावतात, पट्टी घेतात आणि ती रेघ मागच्यापेक्षा रुंद झाली का, एवढंच मोजतात.